आधी वाचावे, मग टाईप करावे

ड्रायव्हर म्हटले की आम्हा गोंयकारांच्या डोळ्यांसमोर कदंबाच्या बसचा ड्रायव्हर येतो. कॉम्प्युटरलाही ड्रायव्हर असतो हे आमच्या पिढीला उशिराच कळले, आणि तोही कधीकधी संपावर जातो हे त्याहून उशिरा. आज या संपाबद्दल लिहायचे आहे. विषय तसा यंत्राचा, पण मी पडलो कला शाखेचा पदवीधर, त्यामुळे कुठूनही निघालो तरी शेवटी भाषेवर येऊन थांबतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना त्याचा गेम खेळायचा डेस्कटॉप आमच्या घरी ठेवून गेला. आत चांगले जाडजूड ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला जो प्रोसेसर चालतो तो या यंत्रात नाही. म्हणजे यंत्र ठणठणीत, पण कागदोपत्री निवृत्त. मी त्यावर लिनक्स घातले. मला ते हवे होते एका कामासाठी. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी बुरशी लागून वाया चालल्या होत्या, त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. त्यांतले कितीतरी नट आज हयात नाहीत. काहींचा आवाज तर आता फक्त त्या कॅसेटींतच उरला आहे. ही चित्रणे कापून, साफ करून मंडळाच्या पोरांच्या हाती द्यायची होती, आणि ग्राफिक्स कार्डाचा हातभार नसल्यामुळे काम गोगलगायीच्या चालीने सरकत होते.

लिनक्ससोबत आपोआप आलेला मुक्त ड्रायव्हर पडदा दाखवत होता, पण कार्डाची पूर्ण ताकद काही मिळेना. म्हणून बंदिस्त ड्रायव्हर घालायचे ठरले. बंदिस्त म्हणजे ज्याचा सोर्स कोड बनवणारी कंपनी उघड करत नाही तो. बटण दाबले, मध्येच एक पासवर्ड मागितला तो दिला, यंत्र पुन्हा सुरू केले आणि मी चहा आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा पडद्यावरची अक्षरे भाकरीएवढी झाली होती. मग मी तेच केले जे आपण सगळे करतो. इंटरनेटवर जी पहिली आज्ञा दिसली ती चिकटवली. मग दुसरी. मग कंपनीच्या साईटवरून आणखी एक इन्स्टॉलर उतरवला आणि आधीच्या ड्रायव्हरवर थापला. पुढच्या खेपेस पडदा पूर्ण काळा.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, पहिल्यांदा यंत्र सुरू झालं तेव्हा निळा पडदा आला होता ना? त्यावर काय लिहिलं होतं?"

मी म्हटले, "अरे, मी चहा आणायला गेलो होतो."

"तिथेच सगळं झालं. तुम्ही मला ऑफिसातल्या फायली वाचायला शिकवलंत, आणि स्वतः पडद्यावरचा मजकूर वाचला नाही."

हे मनाला लागले. वीस वर्षे मी सरकारी टेबलावर बसून लोकांना एकच गोष्ट सांगत आलो आहे: अर्जाच्या मागची सूचना वाचा, मग सही करा. स्वतःच्या घरी मात्र मी न वाचता सही करून मोकळा झालो होतो.

त्यानंतर दोन रात्री बसून हे प्रकरण वाचून काढले. जे समजले ते माझ्यासारख्यांच्या उपयोगी पडेल म्हणून साध्या भाषेत मांडतो.

ड्रायव्हर हा दुभाषी. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एक भाषा बोलतो आणि ग्राफिक्स कार्ड दुसरी. दोघांच्या मध्ये हा उभा राहतो. गोची अशी की कर्नलची अंतर्गत भाषा बदलत असते. बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द कर्नल पाळतो, पण आतले सांधे कायम ठेवण्याचे वचन त्याने कधी दिलेलेच नाही. हे धोरण म्हणून ठरलेले आहे, आणि ग्रेग क्रोहा-हार्टमन या कर्नलच्या ज्येष्ठ देखभालकर्त्याने ते कर्नलच्या दस्तऐवजांत सविस्तर मांडून ठेवले आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहतो त्याला या बदलांची झळ बसत नाही, कारण सांधा बदलणारा माणूसच त्या ड्रायव्हरमध्येही दुरुस्ती करून देतो. जो बाहेर राहतो त्याला दर खेपेला नव्याने जुळवून घ्यावे लागते. हे जुळवणे आपोआप व्हावे म्हणून डीकेएमएस नावाची सोय आहे. डेल कंपनीने ती २००३ च्या सुमारास आणली. नवा कर्नल आला की ती ड्रायव्हरचा सांधा पुन्हा घडवते. पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाईली यंत्रात असाव्या लागतात. त्या नसल्या की घडवणे फसते आणि सकाळी पडदा काळा. काल चालणारे यंत्र अपडेटनंतर आज का बंद पडले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

दुसरे कारण सिक्युअर बूट. हे कारकुनाला लगेच कळण्यासारखे आहे. सही-शिक्का नसलेला कागद जसा वरच्या टेबलाकडे सरकत नाही, तसा सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. तुमच्या यंत्रावर घडवलेल्या ड्रायव्हरवर तुमच्याच यंत्राची सही होते, आणि ही सही खरी मानावी असे तुम्ही स्वतः यंत्रापुढे बसून एकदा सांगावे लागते. तो निळा पडदा त्यासाठीच होता. त्यावर 'एनरोल मोक' हा पर्याय निवडायचा, मघाशी ठरवलेला पासवर्ड द्यायचा, की काम झाले. पण तो पडदा जेमतेम दहा सेकंद वाट बघतो. कोणी बोलले नाही तर तो निघून जातो, आणि सही नोंदवायची राहते. 'मोकयूटिल' या आज्ञेने तीच विनंती पुन्हा पाठवता येते. चहा नंतर प्यावा.

आता पडदा काळा झालाच तर काय करावे? पहिली गोष्ट, घाबरून लिनक्स पुन्हा घालायला धावू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघावे. अक्षरांचा साधा पडदा येऊन नाव-पासवर्ड मागितला तर यंत्र जिवंत आहे, फायली सुखरूप आहेत, फक्त दुभाषी गायब आहे. तेही जमले नाही तर यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणावी आणि तिच्यातला आधीचा, जुना कर्नल निवडावा. बहुतेक यंत्रांत तो ठेवलेला असतो. जुन्या कर्नलवर पडदा आला तर रोगाचे निदान अर्धे झाले. तरीही न आल्यास कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल.

मग क्रमाने प्रश्न विचारावेत. कार्ड नेमके कोणते आणि आत्ता त्याला कोणता ड्रायव्हर चालवतो आहे, हे 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'के' या पर्यायासह सांगते. ड्रायव्हर या कर्नलसाठी घडला का, हे 'डीकेएमएस स्टेटस' सांगते. सिक्युअर बूट चालू आहे का, हे मोकयूटिल सांगते. ड्रायव्हर हाताने सुरू करून बघताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर आले तर प्रश्न सहीचा आहे, बाकी कशाला हात लावू नये. आणि सर्वांत आधी बघायची गोष्ट मी शेवटी सांगतो आहे, कारण ती सांगताना लाज वाटते: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, की चुकून मदरबोर्डाच्या भोकात?

एक पथ्य मात्र कडक पाळावे. ड्रायव्हर आपल्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावा. भांडारातला आणि साईटवरून उतरवलेला असे दोन्ही एकावर एक घालणे म्हणजे एकाच जमिनीचे दोन उतारे काढण्यासारखे आहे. पुढे भांडण ठरलेले. माझे तेच झाले होते. साईटवरचा इन्स्टॉलर त्याच्याच पर्यायाने काढला, भांडारातला ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा घातला, निळ्या पडद्यापुढे या खेपेस हात जोडून बसून राहिलो, आणि पडदा आला.

इथे कोणी म्हणेल की झाले ना काम, मग लेख कशाला? माझा मुद्दा आता सुरू होतो.

या दोन रात्रींत मी जे दुरुस्त केले ते सगळे मला वाचता येत होते म्हणून दुरुस्त झाले. कर्नलचे संदेश वाचता येतात, भांडारातल्या नोंदी वाचता येतात, मुक्त ड्रायव्हरचा तर शब्दन् शब्द ज्याला समजतो त्याला वाचता येतो. बंदिस्त ड्रायव्हरच्या दाराशी मात्र हे वाचन थांबते. आत काही बिनसले तर जगातला कितीही हुशार माणूस दाराबाहेर उभा राहून अंदाजच करणार. कंपनी सांगेल तेव्हा आणि सांगेल तितकेच कळणार.

गोमंतकीय वाचकाला हे दुःख नवीन नाही. १९६१ पूर्वीचे जमिनीचे कागद आपल्या कित्येक घरांत पेटीत आहेत. भाट आपले, घर आपले, नावही आजोबांचे, पण मजकूर पोर्तुगीज. स्वतःच्या वडिलोपार्जित जमिनीवर काय लिहिले आहे हे समजण्यासाठी आपल्याला दुभाष्याच्या पायरीवर बसावे लागते आणि तो वाचून दाखवील त्यावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरा अनुभव आपल्या मराठी लिहिणाऱ्यांचा. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती. तरीही पुढे कितीतरी वर्षे आपण ज्याच्या-त्याच्या खास फाँटात टाईप करत राहिलो. आज ती फाईल उघडली तर 'श्री' च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. लेख आपला, शब्द आपले, पण किल्ली फाँट बनवणाऱ्याकडे. बंदिस्त ड्रायव्हर हा याच घराण्यातला. पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू आपल्या घरात, आणि ती चालवण्याचे ज्ञान दुसऱ्याच्या कपाटात.

गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या साऱ्या चळवळीचे मूळ अशाच एका किरकोळ कटकटीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर भेट मिळाला. कागद अडकला की वापरणाऱ्याला संदेश जावा अशी दुरुस्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामात केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने गुप्ततेचा करार केला आहे म्हणून नकार दिला. हा नकार स्टॉलमन विसरले नाहीत. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या कर्नलची त्यात भर पडली आणि आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभे राहिले. म्हणजे एका बंदिस्त ड्रायव्हरच्या अनुभवातून जे निघाले, त्यालाच पन्नाशीकडे येताना पुन्हा बंदिस्त ड्रायव्हर छळतो आहे.

ग्राफिक्सच्या क्षेत्रात दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वाटा घेतल्या. एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये तिचा एएमडीजीपीयू हा मुक्त ड्रायव्हर कर्नलच्या घरात आला. एनव्हिडियाने दीर्घकाळ बंदिस्त वाट धरली. मग बाहेरच्या लोकांनी कार्डाचे वागणे बघून बघून, त्याची भाषा ओळखत 'नुव्हो' नावाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला. फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ या कर्नलमध्ये तो दाखल झाला. पण २०१४ नंतरच्या कार्डांना कंपनीच्या सहीचे फर्मवेअर लागू लागले. त्या सहीवाचून नुव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना, आणि तो मुंगीच्या गतीने चालू लागला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधले बोट दाखवले, ते प्रकरण बऱ्याच वाचकांनी पाहिले असेल. ते सभ्य नव्हते, पण राग खरा होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्यांच्या ड्रायव्हरात इतरांकडून परवान्यावर घेतलेले तंत्र असते, पेटंटांची भीती असते, स्पर्धकाला गुपित कळण्याची धास्ती असते. आणि काळ बदलतो आहे. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. चित्र काढणारा वरचा भाग आणि कार्डातले फर्मवेअर मात्र अजून बंदच आहे. तडजोड दुसऱ्या बाजूनेही झाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत सोवळे पाळणाऱ्या डेबियन प्रकल्पाने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत द्यायचे ठरवले, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. ज्याचा पडदाच उजळत नाही त्याला तत्त्वज्ञान काय वाचून दाखवणार, हे त्यांनाही पटले.

म्हणून बंदिस्त ड्रायव्हर घालणाऱ्याला पापी ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मी तो घातला आहे, आणि त्याच्या जोरावर मेलेल्या नटांना पुन्हा बोलताना पाहिले आहे. पण "एवढी कटकट कशाला, नवीन यंत्र घ्या" म्हणणाऱ्यांशी तर मुळीच सहमत नाही. कारण बंदिस्त ड्रायव्हराला आयुष्यमर्यादा असते. एनव्हिडियाची ३९० ही शाखा २०२२ च्या अखेरीस थांबली आणि तिच्यावर अवलंबून असलेली जुनी कार्डे उघडी पडली. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा, असे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. ती शाखाही एक दिवस नव्या कर्नलशी जुळेनाशी होईल. कार्ड तेव्हाही धडधाकट असेल. दुभाषी तेवढा निवृत्त झालेला असेल. ज्या लिनक्सवर आपण जुनी यंत्रे वाचवायला जातो, तिथेही यंत्राचा मृत्युदिन कंपनीच ठरवणार, हे मला टोचते.

यावर आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे, आणि ते खरेदीच्या वेळी आहे. आपल्या शाळा, वाचनालये, पंचायती, देवस्थानच्या कमिट्या कॉम्प्युटर घेतात तेव्हा कोटेशनात रॅम किती, डिस्क किती हे लिहितात. त्यात आणखी एक ओळ घालावी: हे यंत्र केवळ मुक्त ड्रायव्हरवर पूर्णपणे चालते का? विक्रेत्याने लेखी उत्तर द्यावे. ज्या वाचनालयात कॅटलॉग आणि टायपिंग एवढेच काम आहे तिथे प्रोसेसरमध्येच असलेले साधे ग्राफिक्स पुरते, त्याला बंदिस्त ड्रायव्हर लागतच नाही. महागडे कार्ड फुकट मिळाले तरी तिथे बसवू नये. ही एक ओळ लिहायला पैसा लागत नाही. ती न लिहिल्याचा पैसा मात्र सात-आठ वर्षांनी सगळ्यांना भरावा लागतो.

आणि घरी, आपल्यापुरते? काही अडले की पोराला हाक मारायची सवय आपण लावून घेतली आहे. आमच्याकडे पोरे आता पुण्या-बंगळुरूला आणि परदेशात आहेत. हाक मारून येणार कोण? चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला कर्नल लिहिता येणार नाही, पण पडद्यावर आलेली एक ओळ शांतपणे वाचता येते, वहीत उतरवून घेता येते, आणि आज्ञा चिकटवण्याआधी ती काय करणार हे विचारता येते. माझ्या टेबलाच्या खणात आता एक दोनशे पानी वही आहे. कोणत्या तारखेला काय घातले, काय काढले, यंत्राने काय उत्तर दिले, सगळे आवक-जावक रजिस्टरासारखे लिहिलेले. पुढच्या वेळी पडदा काळा झाला तर पहिला फोन भाच्याला जाणार नाही. आधी वही उघडेन.

नाटकाची पहिली कॅसेट तयार झाली ती मंडळाच्या खोलीत लावली. चित्र मध्येच थरथरले तेव्हा मी दचकलो. पण तो ड्रायव्हर नव्हता, मूळ कॅसेटच तिथे चुरगळलेली होती. पोरे पाहत राहिली. एकाने विचारले, "काका, हे तुमचं यंत्र किती वर्षं चालणार?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असायला हवे होते. नाही, एवढेच मला या लेखातून सांगायचे होते.